राहण्यास अयोग्य: एका शेऱ्याची हकीकत

“‘या खोलीत जन्मलेले मूल आठव्या दिवशी दगावले. येथे उजेड दाराशी येऊन थांबतो, आत येत नाही. हे घर माणसाने राहण्यास अयोग्य आहे.’”

वकिलांनी वाचून संपवले आणि कागद मामलेदारांच्या टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज चांगला होता. कोठे थांबावे हे त्यांना कळत होते. महाडच्या कचेरीत त्या सकाळी पंख्याची दोरी ओढणारा माणूसही क्षणभर ओढायचा थांबला.

“हा शेरा आपलाच ना, बाई?” मामलेदारांनी विचारले.

“होय.”

“आणि खरा?”

“खरा आहे. पण...”

“पण नको. खरा आहे, एवढे पुरे.”

दाराबाहेर व्हरांड्यात रखमा भिंतीला टेकून बसली होती. तिला सातवा महिना होता. वकील खोताचे होते. माझ्या वाक्यांच्या जोरावर तिची राहती जागा खोताच्या हाती जाणार होती, आणि ती वाक्ये मी तिला चांगले घर मिळावे म्हणून लिहिली होती. हे कसे घडले ते क्रमाने सांगते.

मी तेव्हा महाडच्या डिस्पेन्सरीत नर्स-मिडवाइफ होते. मिडवाइफ म्हणजे शिकलेली सुईण. महाड गावातल्या आणि वर पोलादपूरपर्यंतच्या वाड्यांतल्या बाळंतपणांना जायचे, केस-रजिस्टर भरायचे, महिनाअखेर डॉक्टरांना रिपोर्ट द्यायचा, हे माझे काम. वडिलांनी लहानपणी मला वृत्ते शिकवली होती. गण मोजल्याशिवाय ओळ हातावेगळी करायची नाही, ही त्यांची शिस्त. पुढे वैधव्य आले, पुण्याला सुईणीचे शिक्षण झाले, आणि ती शिस्त रजिस्टरात उतरली. माझे रिपोर्ट वाचनीय असतात, असे डॉक्टर म्हणत. ही स्तुती आहे असे मला बरीच वर्षे वाटत होते.

त्या साली लोकल बोर्डाकडे वरून एक योजना आली. मुंबईत माणसे एका खोलीत दाटीने राहतात आणि खेड्यात अंधारात राहतात, आणि दोन्हीकडे मरतात, असे कोणा समितीला आढळले होते. तेव्हा खेड्यांतल्या आरोग्यास अपायकारक घरांची पाहणी करावी, ती काढून टाकावीत, आणि त्यांच्या जागी ‘नमुना घरे’ बांधावीत, असा आदेश निघाला. नमुना घर म्हणजे विटांच्या भिंती, वर मंगळुरी कौले, प्रत्येक खोलीला एक खिडकी आणि बाहेर मोरी. पाहणीसाठी छापील फॉर्म आले. खोल्या किती, माणसे किती, गुरे आत बांधतात काय, खिडक्या किती, विहीर किती लांब. नववा रकाना शेऱ्याचा: योग्य की अयोग्य, आणि कारण.

सरकारी भाषेत अयोग्य म्हणजे नुसते वाईट नव्हे. अयोग्य ठरलेले घर मुदतीत रिकामे करून मोडले पाहिजे, असा नियम फॉर्मच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापला होता. मी तो वाचला होता. जुने मोडल्याशिवाय नवे कसे बांधणार, असे मनाशी म्हणून मी पान उलटले.

डॉक्टर फॉर्मचा गठ्ठा माझ्या हाती देत म्हणाले, “बायकांच्या खोल्यांत तुम्हालाच शिरता येतं. आणि हात आखडता घेऊ नका, बाई. जितकी घरं अयोग्य, तितकी ग्रँट मोठी.”

“सगळीच अयोग्य आहेत,” मी म्हणाले.

“मग प्रश्नच मिटला. फक्त लिहा नीट. वरचे लोक शेरा वाचतात.”

मी नीट लिहिला.

पोलादपूरपर्यंत सर्व्हिस मोटार जाई. तिथून कातळवाडीला दीड तासाची चढण. पांगारा फुलला होता, रानात करवंदीचा मंद वास होता, आणि उतारावर भाताच्या रोपांसाठी जाळलेल्या राबाच्या काळ्या चौकटी दिसत होत्या. रखमाचे घर वाडीच्या टोकाला. कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यांवर शेणमातीचा लेप, वर भाताणाचे म्हणजे भाताच्या पेंढ्याचे छप्पर, इतके खाली उतरलेले की आत जाताना कंबरेत वाकावे लागे. आत गेले की प्रथम काही दिसत नसे. मग वास दिसू लागत. गुरांचा, धुराचा, ओल्या गोणपाटाचा, आंबलेल्या पेजेचा. बऱ्याच वेळाने त्यांच्यामधून माणसे उमटत.

ती खोली मला ओळखीची होती. आदल्या वर्षी तिथेच रखमाला पहिला मुलगा झाला होता. मला बोलावणे आले ते आठव्या दिवशी. मुलाचा जबडा मिटला होता, पाठ धनुष्यासारखी ताणली होती. लोक म्हणाले, बाहेरचे लागले. तो धनुर्वात होता. नाळ विळ्याने कापली होती, आणि तोच विळा आदल्या संध्याकाळी गोठ्यात गवताला लावला होता. म्हणजे ते मूल विळ्याने गेले. भिंतीने नव्हे, अंधाराने नव्हे. हे मला त्या दिवशीही ठाऊक होते आणि फॉर्म भरतानाही ठाऊक होते. पण फॉर्मात विळ्याला रकाना नव्हता, भिंतीला होता. आणि मला त्या मुलाच्या मरणाचा राग कोठेतरी लिहायचा होता.

मी उंबऱ्यावर बसून लिहू लागले. रखमाची सासू भागाबाई तांदूळ पाखडत होती. तिचा थोरला मुलगा, रखमाचा नवरा, मुंबईला गिरणीत होता. धाकटा गोविंद इथे शेती पाही.

“काय ल्हिवताव गो बाय येवढा?” भागाबाईने विचारले.

“तुमच्या घरात उजेड नाही, असं लिहिते.”

“त्ये ल्हिवाया कागूद कशाला? आत येताना डोका आपाटलंत, तवाच कळला आसंल.”

रखमा तोंडाला पदर लावून हसली. मी कपाळ चोळीत सांगितले, “सरकार नवीन घर बांधून देणार आहे. कौलांचं. खिडक्यांचं.”

“कुटं?”

“इथंच.”

“हितं?” म्हातारीचे सूप थांबले. “रखमा, आयकलास काय गो? सरकार हितं घर बांदतंय.” मग माझ्याकडे वळून, “खोताला इचारलाव काय?”

“सरकारनं खोताला कशाला विचारायला हवं?”

तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. लहान मुलाने सूर्य हातात मागितला की मोठी माणसे पाहतात तसे. “मंग बरा हाय,” ती म्हणाली, आणि पाखडू लागली.

रखमाने मात्र विश्वास ठेवला. मी निघताना ती दाराबाहेर आली. “बाय, खिडकी चुलीच्या अंगाला नको. वाऱ्यानं इस्तव उडतो. बाळंतिणीच्या खोलीला द्या.” पोटावर हात ठेवून ती बोलत होती. नव्या घरात ती मनाने राहायला गेली होती.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मला तेव्हा माहीत असायला हवी होती. मी घाटावरची, आमच्याकडे घर ज्याचे त्याची त्याखालची जमीन, असा साधा हिशेब. या खोऱ्यांत तसे नाही. खोत म्हणजे गावचा सारा सरकारात भरणारा आणि गावच्या जमिनीवर धनीपण गाजवणारा वतनदार. कूळ म्हणजे ती जमीन कसणारे घराणे. कुळाच्या घराचे वासे, कूड, पेंढा कुळाचे. खालची माती खोताची. मग त्या मातीवर कूळ पिढ्यान्‌पिढ्या राहते कसे? रूढीने. छप्पर उभे आहे आणि चूल पेटती आहे, तोवर कोणी उठवायचे नाही. दरवर्षी पावसापूर्वी घर शाकारायचे, म्हणजे जुना पेंढा उतरवून नवा चढवायचा असतो. त्याआधी कुळाने एक नारळ नेऊन खोताच्या ओटीवर ठेवायचा. खोताने त्याला हात लावला की परवानगी मिळाली. कागद नाही, सही नाही, नारळ एवढाच. या नारळावर सगळी वाडी उभी होती, आणि आमच्या फॉर्मात ‘खालची जमीन कोणाची’ हा प्रश्नच नव्हता.

चैत्रात नोटिसा आल्या. माझे शेरे मंजूर झाले होते. कातळवाडीतली सहा घरे अयोग्य. पावसापूर्वी रिकामी करून मोडावीत. त्यांत रखमाचे पहिले. नवीन घरासाठी अर्ज करावा. अर्जासोबत जागा स्वतःच्या मालकीची असल्याचा उतारा जोडावा.

नोटीस घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. “यांच्यापैकी एकाच्याही नावावर जागा नाही. मग घरं मोडायची, आणि बांधायची नाहीत?”

डॉक्टर हात धूत होते. “मोडणं आरोग्याकडे. बांधणं ओव्हरसियरकडे. जागा रेव्हेन्यूकडे. तीन निराळी खाती आहेत, बाई.”

“आणि रखमा कोणत्या खात्यात?”

“तुमच्या. बाळंतपण आहे ना?”

ओव्हरसियरने सांगितले की उतारा आणला तर तो दुसऱ्या दिवशी पाया आखील. माणूस खोटा नव्हता. त्याच्या खोलीत विटांचे नमुने रांगेने मांडले होते आणि तो त्यांवर प्रेमाने बोटे वाजवून दाखवत होता.

उरला खोत. त्याचे घर महाडहून नाते गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला. सारवलेली थंडगार ओटी, पितळी कड्यांचा झोपाळा, आमसुलाचे सरबत. अण्णासाहेब बोलायला अतिशय सभ्य. ते बोर्डाचे सभासदही होते.

“अण्णासाहेब, घरापुरत्या जागेची संमती द्या. बाकी काही नको.”

“घरापुरतीच तर देता येत नाही,” ते शांतपणे म्हणाले. “आज कागद केला की ती जागा त्यांची झाली. उद्या सगळी वाडी कागद मागेल. आजवर आम्ही कुणाला उठवलंय का? वाडीत विचारा.”

“आता उठवताय.”

“मी?” त्यांना खरेच नवल वाटले. “नोटीस सरकारची. शेरा तुमचा. मी नुसता बसलोय.” झोपाळ्याला त्यांनी पायाने हलका रेटा दिला. “शेरा मात्र सुरेख लिहिलात हं. बोर्डात वाचला गेला. उजेड दाराशी येऊन थांबतो! मी घरी मुलीलाही म्हणून दाखवला.”

सरबत तसेच ठेवून मी उठले. रस्ताभर नाकात त्याचाच आंबट वास होता.

एक वाट राहिली होती. डॉक्टरांनीच सुचवली. घरात खिडकी पाडली आणि छप्पर दोन हात वर उचलले, तर फेरतपासणी करून योग्य असा शेरा देता येईल. नोटीस आपोआप रद्द होईल.

“हे लेखी द्याल?”

“तपासणी झाल्यावर देईन. आधी कसं देणार?”

मी त्याच दिवशी कातळवाडी गाठली. काम सोपे होते. नाहीतरी शाकारणीचे दिवस होते. छप्पर उतरणारच होते. या खेपेला मेढी, म्हणजे छप्पर तोलणारे खांब, बदलून उंच घालायचे आणि रखमाच्या खोलीच्या कुडाला भोक पाडायचे.

गोविंद म्हणाला, “हुतंय दोन दिसांत. आदी खोताकडं नारळ न्यावा लागंल.”

आणि मी म्हणाले, “नारळ कशाला? या वर्षी ते हात लावणार नाहीत. मग काम अडेल. घर तुमचं आहे. नियमच सांगतो की दुरुस्ती करा.”

“बाय,” भागाबाई म्हणाली, “माजी सासू न्हेयाची. मी न्हेला. नारळ न्हेल्याबिगर छपराची काडी काडली नाय आमी.”

“तो न नेल्यानं काही बिघडत नाही. सरकार तुमच्या बाजूला आहे.”

गोविंद आईकडे पाहू लागला, आई रखमाकडे. पोट तिचे, म्हणून बोलणे तिच्यावर आले. “बाय बोलताव तर ऱ्हावं दे नारळ,” रखमा म्हणाली. “शिकल्याली हायेत ती.”

शाकारणीच्या सकाळी सारी वाडी आली. वर चढलेल्या माणसांनी दोर कापले आणि जुने भाताण थरांथरांनी खाली येऊ लागले. वर्षभराचा धूर प्यालेला पेंढा. त्याची काजळी हवेत तरंगत होती आणि सगळ्यांची तोंडे काळी झाली होती. गोविंदाला बायका चिडवत होत्या, “आरं, आता तुला कोन पोरगी देल रं, डांबरावानी झालास!” दुपारपर्यंत घर वरून उघडे झाले. ज्या कोपऱ्यात ते मूल आठ दिवस जगले होते, तिथे भर ऊन पडले. जमिनीवर शेणाचा जुना सडा, भिंतीत खोचलेला कंगवा, दोरीवर एक लहान टोपडे. रखमा त्या उन्हात मधोमध उभी राहिली आणि वर पाहू लागली. बराच वेळ ती हलली नाही. माझ्या कामाच्या वर्षांत मी इतकी समाधानी कधी झाले नव्हते. ते समाधान तासभर टिकले.

चूल विझवलेली होती. शाकारणीला ती विझवतातच. सुक्या पेंढ्यात ठिणगी नको म्हणून राखसुद्धा बाहेर नेऊन टाकतात आणि जेवण शेजारी शिजते. हे इथल्या कोणालाही ठाऊक आहे. खोताच्या कारभाऱ्यालाही ठाऊक होते. म्हणूनच तो नेमका तेव्हा आला. सोबत तलाठी आणि दोन पंच.

कारभारी घराभोवती फिरला. तलाठ्याला सांगू लागला, “लिहा. छप्पर नाही. चूल विझलेली. राख काढून टाकलेली. घर कुळाने स्वतः मोडलेले.”

“आरं, शाकारनी हाय ही!” गोविंद वरूनच ओरडला. “डोळं हायेत का नाय तुला?”

“शाकारणी?” कारभारी म्हणाला. “मग नारळ कुठाय? आमच्या ओटीवर तर आला नाही.”

हवेत काजळी तेवढी उतरत होती. भागाबाईने माझ्याकडे पाहिले नाही, ही तिची माया होती की शिक्षा, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

मी पुढे झाले. “उद्या संध्याकाळपर्यंत छप्पर चढेल.”

“आता नाही, बाई. कचेरीत सुनावणी होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही.” मग त्याने नम्रपणे लेखणी पुढे केली. “आपण हजर आहात. साक्षीदार म्हणून सही कराल?”

मी पंचनामा वाचला. छप्पर नव्हते. चूल विझलेली होती. राख काढलेली होती. मोडले होते ते कुळानेच. प्रत्येक शब्द खरा होता. मी सही केली. खऱ्या कागदावर सही नाकारायची कशी, हे मला कोणी शिकवले नव्हते.

अशा रीतीने आम्ही त्या कचेरीत आलो होतो. वकिलांजवळ दोनच कागद होते आणि दोन्हींवर माझे नाव होते.

“सरकारी नर्स म्हणतात, हे घर मूल मारतं,” ते म्हणाले. “पंचनामा म्हणतो, आता घरच नाही. माझे अशील एवढंच म्हणतात, मग जागा मोकळी राहू द्या. आणखी एक जीव तिथे जाऊ नये.”

मी उभी राहिले. “मूल खोलीमुळे गेलं नाही. ते विळ्यानं गेलं. नाळ कापलेल्या विळ्यानं.”

मामलेदारांनी चष्मा काढला. “मग शेऱ्यात खोली का लिहिलीत?”

उत्तर होते. फॉर्म तसा होता. ग्रँट तशी मिळणार होती. वाक्य तसे चांगले वाटत होते. यांतले कोणते सांगावे ते मला कळेना. गोविंदाने शाकारणीची गोष्ट सांगितली. मामलेदारांनी ती ऐकून घेतली आणि नारळाचे विचारले. त्याने नेला नाही म्हणून सांगितले. मामलेदार वाईट नव्हते. निकाल सांगताना त्यांनी रखमाकडे पाहण्याचे टाळले. जागा खोताची, कुळाने आपले वासे आणि लाकूड उचलून न्यावे.

बाहेर आल्यावर रखमाने विचारले, “मंग खिडकीचा काय झाला, बाय?”

आषाढात ती बाळंत झाली, शेजाऱ्याच्या गोठ्यात. तीन बाजूंना कूड नव्हते. पेंढ्याच्या पेंड्या रचून आडोसा केला होता. पाऊस तिरपा येई आणि म्हशीच्या पाठीवरून निथळे. मी दोन दिवस आधी जाऊन राहिले. कातर उकळली, दोरा उकळला, नाळ स्वतः कापली आणि कोणालाही हात लावू दिला नाही. मुलगी झाली. पाचव्या दिवशी नाळ सुकून पडली. आठवा दिवस गेला. नवव्या दिवशी मुलगी अंगावर पीत होती, आणि तिच्या गिळण्याचा आवाज पावसातूनही ऐकू येत होता.

भागाबाई पलीकडे बसून पाय शेकत होती. ती पंचनाम्यानंतर माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

“बाय, आता ह्या घराचा कायतरी ल्हिवा की. हितं उजेड लय हाय.”

ज्या गोष्टीसाठी एक घर गेले होते, तिला घर लागतच नव्हते. उकळलेली कातर लागत होती. गोठ्याने ते सिद्ध केले.

नारळी पौर्णिमेनंतर दासगावच्या आगबोटी पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा रखमाच्या नवऱ्याने तिला मुंबईला बोलावून घेतले. जागा नसलेल्या गावात बायको कोठे ठेवणार? धक्क्यावर मी पोचवायला गेले. मुलगी खांद्यावर झोपली होती. रखमा म्हणाली, “तुमी आमच्या भल्यासाटीच केलाव.” तिने शिव्या दिल्या असत्या तर मला घरी जाऊन जेवता आले असते.

पुढे गोविंदाकडून कळले, ती तिघे चाळीत दुसऱ्या दोन बिऱ्हाडांबरोबर एका खोलीत राहतात. खोलीला खिडकी नाही. म्हणजे ज्या दाटीमुळे समिती खेड्यांकडे वळली, त्या दाटीत आम्ही आमच्याकडून दोन माणसांची भर घातली.

बाकीच्या पाच घरांपैकी तीन अशीच गेली. उरलेले दोघे नारळ घेऊन खोताकडे गेले. त्याने हात लावला आणि त्यांची घरे अयोग्य असूनही उभी राहिली. त्यांच्या नोटिसांचा अंमल कोणी केला नाही. बोर्डाच्या वार्षिक रिपोर्टात योजना यशस्वी म्हणून नोंदली गेली. अपायकारक घरे काढून टाकली, असे त्यात होते, आणि ते खरे होते. नमुना घर तालुक्यात एकच झाले. ते खोताच्या जमिनीत, रस्त्यालगत, साहेबांना मोटारीतून दिसेल असे. उतारा अण्णासाहेबांजवळ होता. ओव्हरसियरने फार मनापासून बांधले. खिडक्या दक्षिणेला आणि पश्चिमेला. त्यात कोणी राहत नाही. कारभारी पेंढा ठेवतो, आणि हवा खेळती असल्यामुळे तो पेंढा चांगला राहतो.

मी बोर्डाला एक पत्र लिहिले. उपमा नाहीत, उजेड नाही. राहत्या घराखालची जागा आधी राहणाऱ्याच्या नावे करावी. ते होत नसेल, तर निदान दुरुस्तीला धन्याची परवानगी लागू नये. नवे घर राहण्याजोगे झाल्यावाचून जुन्याला हात लावू नये. ज्यांच्यापुढे मोडण्याचा कागद येतो त्यांच्यापुढेच बांधण्याचा यावा. खिडकीला आणि मेढीला लागणारे लाकूड जवळच्या रानातून तोडू द्यावे, म्हणजे विटांची वाट पाहावी लागणार नाही. एवढेच. चार महिन्यांनी उत्तर आले: सूचना नोंदल्या, नर्सने यापुढे प्रसूतिकामापुरते लक्ष घालावे. खाली सही डॉक्टरांची होती. समोर भेटल्यावर ते म्हणाले, “पत्र कोरडं झालं होतं, बाई. तुमचं वाटलंच नाही.”

पुढे मी पुष्कळ मुलींना सुईणीचे काम शिकवले. त्यांना दोन गोष्टी सांगत असे. नाळ कापायचे हत्यार वीस मिनिटे उकळा. आणि कोणाचे घर वाईट आहे असे लिहिण्यापूर्वी, ते वाईट ठरल्याने कोणाचे भले होणार आहे, याची गावात चौकशी करा. पहिली गोष्ट त्यांना परीक्षेत विचारत. दुसरी एकदाही विचारलेली नाही.